तुझा जुना फोन आणि माझी दाढ

चि. सौ. ठमीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद. तू आणि आमचे मेहुणे खुशाल असाल. त्यांचा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही दोघं (तू दिलेला फोन धरला तर तिघं) मजेत आहोत. मजेत म्हणजे, माझी उजवीकडची एक दाढ गेली, तेवढं सोडून.

त्या दाढेचं असं झालं. तू नवीन फोन घेतलास आणि ‘दादा, आता आपण एकमेकांना बघत बोलू’ म्हणून जुना मला दिलास, त्याला दोन महिने झाले. फोन झकास आहे. फक्त तुझे सगळे गजर त्यात तसेच राहिले, हे तुझ्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. मी पडलो घड्याळजी. गजर वाजला की कोणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं आणि ते करायचं असतं, एवढंच मला ठाऊक. सोमवारी ‘कुंड्यांना पाणी’ वाजलं, तर तुझी वहिनी मुकाट्याने बाजारात गेली आणि दोन कुंड्या घेऊन आली (आमच्याकडे एकही नव्हती). मंगळवारी साडेचारला ‘दातांचे डॉक्टर’ वाजलं. मला वाटलं हिने लावलंय, हिला वाटलं मी. एकमेकांना विचारलं असतं तर दाढ वाचली असती, पण लग्नाला पस्तीस वर्षं झाली की कोण विचारतंय! गेलो. डॉक्टर म्हणाले, काय त्रास होतोय? म्हटलं, ते तुम्हीच सांगा, मला बोलावणं आलंय. त्यांनी आत बघितलं आणि सापडली की त्यांना एक. (तुझी अजून जागेवर असेल तर दाखवून घे. ती वेळ तुझी होती.)

इंटरनेटचं म्हणशील तर ते आमच्या घरात येतं, पण फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी, आणि तेही मी स्टुलावर उभा राहिलो तर. खाली उतरलो की नुसतं गोल गोल फिरत बसतं. वहिनीला एखादी नवी भाजी करायची असली की मी स्टुलावरून मोठ्याने वाचून दाखवतो. परवा ‘चवीपुरतं मीठ’ इथपर्यंत आलो आणि गेलं ते. मग तिने स्वतःच्याच डोक्याने केली. चांगली झाली होती.

आता रविवारचं. त्याच आठवड्यात रविवारी अकराला फोन वाजला. मी दाढी करून तयारच होतो, लगबगीने स्टुलावर चढलो, हॅलो हॅलो केलं. कोणी नाही. वहिनीने खालून बघितलं आणि म्हणाली, अहो, फोन नाही तो, गजर आहे. त्यावर लिहिलं होतं, ‘दादाला फोन’. तेव्हा कुठे कुंड्यांचा आणि दाढेचा उलगडा झाला. पण खरं सांगतो ठमे, वाईट वाटलं. पाच वर्षं रविवारी अकराला भिंतीवरच्या जुन्या फोनवर तुझा फोन यायचा, आणि मी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचो, आमच्या ठमीला बरोब्बर अकराला माझी आठवण येते, हवं तर घड्याळ लावून घ्या. आणि बघतो तर काय, गजर! मग मीही रुसलो आणि फोन केला नाही. त्यानंतर आठ रविवार गेले. तुझाही आला नाही.

असो. बाकी सगळं ठीक. मेहुण्यांना नमस्कार सांग.

तुझा,
दादा

ता. क. : हे पत्र फोनबद्दल आहे, रुसव्याबद्दल नाही, असं मी वहिनीला सांगितलं. तिने ते वाचलं आणि बराच वेळ हसत होती.

ता. क. दुसरा : काल दुकानात एकाचं गजराचं घड्याळ उघडून बसलो होतो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं बघतोय, लोक गजर लावतात तो परीक्षेसाठी, गाडीसाठी, आईच्या औषधासाठी. विसरलं तरी चालेल अशा गोष्टीला कोणी गजर लावत नाही. तू माझ्यासाठी लावलास, आणि मग वेडाबाई, तो मलाच देऊन बसलीस!

ता. क. तिसरा : तेव्हा फोन याच खोक्यात परत पाठवतोय. नव्या फोनात गजर कसा लावतात ते मला ठाऊक नाही, पण हा चार्ज करून जवळ ठेव, म्हणजे रविवारी अकराला वाजेल. स्टुलाची काळजी नको, त्यावर आता कुंड्या आहेत. मी दाढी करून भिंतीवरच्या फोनपाशी बसतो.