पाचशे पंधरा ग्रॅम द्रावण

प्रिय मोना,

फोनवर माझा आवाज आला की तू लगेच "आईला द्या" म्हणतेस, म्हणून लिहितोय. इकडं सगळं ठीक आहे. आईनं घर रंगवायला काढलंय, सामान सगळं मधल्या खोलीत. मी मात्र चार दिवस एका जागी बसलेलो नाही. हे पत्र लिहितानाही दोनदा उठून मंगळवार पेठेत चक्कर मारून आलो.

रिटायर झाल्यापासून शाहूपुरीतल्या एका क्लासात केमिस्ट्री शिकवतो, हे आईनं सांगितलं असेल. सोमवारी मोलॅलिटी, म्हणजे किलोभर पाण्यात किती मोल पदार्थ विरघळला ते काढणं, चालली होती. नेसरीची अवंतिका म्हणून एक मुलगी माझाच जुना प्रश्नसंच घेऊन उभी राहिली. अर्धा मोलल युरियाचं पाचशे पंधरा ग्रॅम द्रावण करायला युरिया किती लागेल? आठ वर्षांत मी हे गणित फळ्यावर घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, ह्यातलं उत्तर चुकलंय की. पाचशे पंधरा हे द्रावण हाय, पाणी न्हाय." मी खडू घेतला. एक किलो पाण्यात अर्धा मोल युरिया, म्हणजे तीस ग्रॅम. द्रावण झालं एक हजार तीस. आपल्याला हवं त्याच्या निम्मं, म्हणून युरिया पंधरा. मी सगळं वजन पाण्याचं धरून पंधरा पूर्णांक पंचेचाळीस छापलं होतं. "तुझं बरोबर, चूक माझी," म्हणालो. कुणी हसलं नाही. पोरांनी उत्तर खोडून दुरुस्त केलं आणि पान उलटलं. इतकं सोपं होतं ते.

आठ वर्षांपूर्वी अकरावीत, माझ्याच वर्गातल्या चाचणीत, ह्याच गणिताला तू पंधराच लिहिलं होतंस. शेजारच्या बाकावरच्या सम्राटनंही पंधरा. दोघांचं "चुकीचं" उत्तर सारखं, म्हणून ऐंशी मुलांसमोर मी तुला उभं केलं. मास्तरची पोर असून कॉपी करते, असं म्हणालो. "सर, ते द्रावणाचं वजन आहे," एवढंच तू म्हणालीस. मी तुला वर्गाबाहेर काढलं. महिन्याभरात तू सायन्स सोडलंस. लहानपणापासून फार्मसीला जायचं म्हणायचीस, तिचं नाव पुन्हा काढलं नाहीस.

परवा आई म्हणाली, अवंतिकेनं तुमचे डोळे उघडले म्हणायचे, आता पोरीला कळवा. मी मान डोलावली. पण माझे डोळे आत्ता उघडले हे खरं नाही, मोना. तुला वर्गाबाहेर काढलं त्याच संध्याकाळी स्टाफरूममध्ये मी तुझा पेपर पुन्हा तपासला होता. तू बरोबर होतीस, हे मला तेव्हाच कळलं. उद्या वर्गात सांगू, असं म्हणत राहिलो. तू कॉमर्सचा फॉर्म सहीसाठी पुढं केलास, तेव्हाही गप्प राहून सही केली. हे आईलाही ठाऊक नाही. आज तिला सांगणार आहे, पण आधी तुला.

तुझाच,
बाबा