पडदा पातळ निघाला

प्रिय पेनिटोआ,

माझं अक्षर बघून पाकीट चुलीत टाकू नकोस. चार वर्षं मी तुझं नाव फक्त शिवी देताना घेतलंय, आणि माझी बायको, तुझी बहीण तालिता, ते ऐकत माझ्याच घरात रांधत राहिली.

त्या रविवारी आम्ही चर्चला निघालो होतो. तुझी गाडी आली आणि डाव्या कडेनं चालणारी माझी सिनालेई चाकाखाली गेली. नऊ वर्षांची पोर. तू उतरलास आणि म्हणालास, "लेआलोफी, मला ती दिसलीच नाही रे." भर उन्हात, पांढऱ्या झग्यातली पोर दिसली नाही? मी दगडानं तुझे दोन दात पाडले. मग दवाखान्यानं तुझ्या डोळ्यांचा दाब मोजून नॉर्मल लिहून दिलं, आणि मी गावभर सांगत सुटलो की हा प्यायला होता, आता आंधळ्याचं सोंग करतोय.

तिसऱ्या दिवशी पहाटे तू आमच्या दारात येऊन बसलास, तुझ्या आजीनं विणलेली चटई डोक्यावरून ओढून. मागे तुझे काका मान खाली घालून बसलेले. आपल्याकडं असा माफी मागायला बसलेल्याची चटई काढून त्याला आत न्यायचं, नाहीतर तसाच बसू द्यायचा. त्याच्यावर हात टाकायचा नाही. मी चटईवरूनच कोयत्याच्या पाठीनं हाणलं. पुन्हा पुन्हा हाणलं. तुझा खांदा मोडल्याचा आवाज आला, चटई लाल झाली, तू हललाही नाहीस. माझ्याच चुलत्यानं मला खाली पाडलं. "चटईखालच्याला मारलंस? आता आम्ही तोंड कुठं दाखवायचं?" तो रडत होता. मला तेव्हा बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू.

तू ऑकलंडला निघून गेलास. गेल्या महिन्यात तालिता अंगणात डुकराला अडखळून पडली, म्हणून तिला बाहेरून आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दाब ठीकच निघाला. मग त्यांनी दुसरं यंत्र लावलं आणि म्हणाल्या, "तुमच्या बुबुळावरचा पडदा फार पातळ आहे. अशा डोळ्यात दाब असतो त्याहून कमी दिसतो. हा काचबिंदू आहे, कडेचं दिसणं बरंच गेलंय. माहेरी कुणाला आहे का?"

"भावाला," तालिता म्हणाली. "त्याचाही दाब नॉर्मलच होता."

घरी आल्यावर ती आत गेली नाही. दारात थांबून एवढंच म्हणाली, "तो खरं सांगत होता. आणि तू त्याला चटईखाली मारलंस."

तिथल्या डॉक्टरकडे उद्याच जा. नुसत्या दाबावर घरी येऊ नकोस, पडद्याची जाडी मोजायला लाव. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं औषधानं टिकतं म्हणतात.

एवढं तालितानंही कळवलं असतं. मी लिहितोय कारण शुक्रवारच्या विमानानं मी येतोय. तुझी चटई तिनं जपून ठेवली होती. किती धुतली तरी डाग गेले नाहीत. शनिवारी सकाळी तीच डोक्यावर घेऊन मी तुझ्या दारात बसेन. हाताला लागेल ते घेऊन ये, मी हलणार नाही. कडेला नाही, दाराच्या अगदी समोर बसेन, म्हणजे तुला दिसेन.

तुझाच,
लेआलोफी