साहेबाला या-बसा

ता. ३ जानेवारी १९३५, गुरुवार. सकाळ.

बसलो. उठलो. पुन्हा बसलो. बसताना ‘सिट’, उठताना ‘स्टँड’. गुडघा वाजला, तशी सौ. सुलोचना चुलीपुढून उठून आली. विचारले, काय हरवलंय? म्हटले, काही नाही, इंग्रजी चालले आहे. म्हणाली, मग जरा पलीकडे सरकून शिका, इथे पापड वाळताहेत.

पद्धत माझी स्वतःची. इंग्रजीत क्रियापद तेवढे महत्त्वाचे. बाकीचे हाताने दाखवता येते. खुर्ची दाखवून ‘सिट’ म्हटले की साहेब बसणार. येणे, बसणे, खाणे, पिणे, निजणे. साहेब झाला तरी दिवसभरात याहून वेगळे काय करतो? महिनाअखेर सर्व तयार.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

कारण लिहून ठेवतो. फरासखान्यातली माणसे कमी होणार आहेत. एवढी वर्षे शिंदे दरबारचे तंबू आणि गालिचे सांभाळले, आता कारभारी विश्वासरावांनी कचेरीत बोलावून सांगितले, “मल्हारराव, मेहमानखान्यात एक जागा आहे. गोऱ्या पाहुण्यांशी चार शब्द बोलावे लागतील. तिथला नवा गोरा साहेब अठ्ठावीसला स्वतः पाहणार आहे. जमलं तर इथंच, लष्कर शहरात राहाल. नाहीतर श्योपूरचं गोदाम.”

श्योपूरला मुलींची मोठी शाळा नाही. शालिनी पाचवीत आहे आणि वर्गात पुढे आहे. तिकडे गेलो की तिचे शिकणे संपले. सौ. हे ऐकून वाळलेले पापड मोजायला बसली. काळजीसारखे काही नाहीच. जागा मलाच मिळणार.

ता. ५, शनिवार.

शालिनी म्हणाली, “आबा, मी शिकवू का? आमच्या बाईंनी सगळं घेतलंय.” मुलीपुढे बाप पाटी घेऊन बसत नाही. तिला आपला अभ्यास करायला सांगितले. इंदरगंजला राहणारा रमाकांत कॉलेजात आहे, त्याला शिकवायला ठरवले. हुशार आहे, पण बोलता बोलता हिंदीत घसरतो. म्हणाला, “काका, पहिले ‘गो’ करू. बहुत आसान है.”

‘गो’ म्हणजे जाणे. मी नकार दिला. आमच्या घरात निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतात. आणि पाहुण्याला दारात उभे राहून ‘जा’ म्हणायचे? तेही इतक्या आखूड शब्दात? ‘गो’ वगळला. रमाकांत म्हणाला, “फिर साहेब जाणार कसा?” म्हटले, आपण होऊन जाईल. पाहुण्याला कळते.

ता. ९, बुधवार.

प्रगती चांगली. ‘वॉश’, ‘स्वीप’, ‘कॅरी’ वगळले. ती कामे नोकरांची. ‘कुक’ खानसाम्याचे. ‘रन’ माझ्या वयाला शोभत नाही. ‘आस्क’ही नको, आमच्या घराण्यात कोणी कोणाकडे काही मागितलेले नाही. भार पुष्कळ हलका झाला. रमाकांत म्हणाला, “काका, ऐसे तो फक्त बसणंच राहील.” तरुणांना प्रत्येक गोष्ट भरमसाट हवी असते.

ता. १४, सोमवार. संक्रांत.

आज माणसांवर प्रयोग. शेजारच्या शांताताई आल्या. तिळगूळ पुढे केला आणि म्हटले, “टेक. ईट.” त्यांनी हात मागे घेतला. सौ.ला हळूच विचारले, यांना बरं नाही का? पागेतून निवृत्त झालेले नाना ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, “मल्हारबा, आजच्या दिवशी तरी माणसासारखं बोला. घोड्यालासुद्धा आम्ही याहून प्रेमानं चारत होतो.”

दोष माझ्या उच्चारात नाही. दोष इंग्रजीत आहे. शब्द उघडाबोडका येतो, अंगावर काही नाही. त्यात मान घालायचा कसा, हे त्या लोकांना सुचलेले दिसत नाही. मला लगेच सुचले. प्रत्येक क्रियापदाबरोबर मुजरा. ‘कम’ला एक, ‘सिट’ला दोन, ‘ईट’ला तीन.

रमाकांत हे ऐकून बराच वेळ खाली पाहत होता. त्याला सुचले नव्हते.

ता. १८, शुक्रवार.

मुजऱ्यांसह तालीम. शालिनी साहेब झाली. माझे जुने जाकीट घालून खुर्चीत बसली. मी ‘ड्रिंक’साठी वाकलो, उठलो, पुन्हा वाकलो. ती म्हणाली, “आबा, साहेबाचा चहा निवला.” सौ. दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मीही हसलो.

मग शालिनी म्हणाली, “आबा, श्योपूर फार लांब आहे का हो?”

म्हटले, तुला काय करायचे आहे ते? ती जाकीट काढून, नीट घडी करून ठेवून गेली. आजची तालीम तिथेच संपली.

ता. २१, सोमवार.

थंडी फार. सकाळी धुक्यात समोरचे घर दिसत नव्हते. पाठ केलेले आठवत नाही. शेगडीपाशी बसले की झोप येते, शेगडीपासून दूर बसले की तोंड उघडत नाही. अशा हवेत तूपही थिजते, क्रियापदांचे काय? उद्यापासून पहाटे उठायचे.

ता. २२, मंगळवार.

पहाटे उठलो नाही. धुके होते.

ता. २४, गुरुवार.

कळले की पागेतले जगदेवरावही त्या जागेसाठी उभे आहेत. त्यांचे इंग्रजी गोऱ्या घोडेवाल्याकडून ऐकलेले. चारचौघांत मोठ्याने बोलतात, खांद्यावर हात ठेवतात, पान खाऊन हसतात. दरबारी रीत ठाऊक नाही. त्यांच्याकडून मला धोका नाही.

रमाकांत आज शेवटचे सांगून गेला, “काका, मुजरा एकच करा आणि तोंडातून आवाज काढा. बस, इतना ही.” त्याची परीक्षा जवळ आली आहे. मनावर ताण असणार.

ता. २७, रविवार.

शिंदेशाही पगडी पेटीतून काढली. अंगरख्याला सौ.ने इस्त्री केली. क्रियापदे म्हणून पाहिली. पाच येतात. घाईत सहा.

सौ. म्हणाली, “गोविंददादाकडं मागची खोली रिकामी आहे म्हणे.” गोविंद म्हणजे तिचा भाऊ, इथेच शहरात पडावला राहतो. विचारले, मग? म्हणाली, “काही नाही, सांगितलं आपलं.” तिला म्हटले, थोडा विश्वास ठेवावा माणसाने. ती बरं म्हणाली. दुपारी टांगा करून भावाकडे जाऊन आली.

ता. २८, सोमवार. रात्र.

सर्व रीतीने पार पडले. क्रमाने लिहितो.

मेहमानखान्याच्या व्हरांड्यात टेबल, खुर्ची, चहाचे सामान. विश्वासरावांनी समजावले, “साहेब आत्ताच गाडीतून उतरलेला पाहुणा आहे असं समजा. पायऱ्यांशी उभा राहील. तुम्ही त्याला वर बोलवा, बसवा, चहा द्या.” साहेब पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. मी तीन मुजरे केले. हात बांधले. नजर त्याच्या बुटांवर ठेवली आणि उभा राहिलो.

वरिष्ठाने तोंड उघडल्याशिवाय आपण उघडायचे नाही. हे मला कोणी शिकवलेले नाही, ते अंगातच आहे. माझे वडील एकदा सरदारांच्या पंगतीपाशी दिवे लागल्यापासून विडे वाटेपर्यंत असेच उभे राहिले होते. त्याबद्दल त्यांना शेला मिळाला.

साहेबही उभा. वारा बोचरा होता. पाचही क्रियापदे तोंडात तयार होती, हवे ते निघाले असते. फक्त साहेबाने आधी काही बोलायला हवे होते. विश्वासराव दाताखालून म्हणाले, “मल्हारराव, बोला की!” मी हळूच सांगितले, साहेब बोलले की बोलतो.

साहेबाने रुमालाने नाक पुसले. एकदा विश्वासरावांकडे पाहिले. मग आपणच वर आला, आपणच खुर्ची ओढून बसला, आपणच चहा ओतून प्यायला. येणे, बसणे, पिणे सर्व झाले आणि माझा एकही शब्द वाया गेला नाही. शेवटी माझ्याकडे पाहून बरेच काही बोलला. त्यात माझे एकही क्रियापद नव्हते. पण चेहरा दयाळू होता. मी मागे न वळता, पावले मागे घेत बाहेर आलो.

मग जगदेवराव. त्यांनी पायरीवरूनच आरोळी दिली, “कम साहेब, कम!” खुर्चीच्या पाठीवर घोड्याच्या मानेवर मारावी तशी थाप मारली. “सिट! टी ड्रिंक! व्हेरी कोल्ड!” साहेब खो खो हसत बसला. मला खाली पाहावेसे वाटले.

संध्याकाळी विश्वासराव शिंदे की छावनी या आमच्या वस्तीत, दारापर्यंत आले. आत आले नाहीत. जागा जगदेवरावांना. म्हणाले, “अहो, तुम्हाला येत होतं ना? मग का नाही बोललात?” म्हटले, साहेबांनी काही विचारले नाही. ते म्हणाले, “तंबूंचं सामान उद्याच्या छोट्या रेल्वेगाडीनं श्योपूरला जातंय. त्याच्याबरोबरच जा.”

जा म्हणाले.

घरात येऊन सांगितले, हे तात्पुरते आहे. साहेबाच्या मनात माझ्याविषयी चांगलेच आहे, पुढची जागा निघाली की बोलावतील. मग शालिनीने विचारले, “आणि माझी शाळा?”

माझ्याआधी सौ. म्हणाली, “चालू राहील. आपण दोघी मामाकडं राहायचं. मी कालच बोलून आलेय.” भाकरी थापत होती, हात थांबला नाही. शालिनीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. आधीच ठरलेल्या गोष्टीला तेवढे पुरते.

ता. २९, मंगळवार.

सकाळच्या गाडीने श्योपूरला निघालो. बिस्तरा सौ.ने बांधून दिला होता. शालिनीच्या शाळेची वेळ तीच, म्हणून स्टेशनवर कोणी आले नाही.