किनाऱ्यावरचा जबाब

बाबा, माझ्या डोक्याला अकरा टाके पडलेत आणि ते कसे पडले हे मी आईला खोटं सांगितलंय. बंदरावर शेवाळ होतं, पाय घसरला, म्हटलं. तिनं हळदीचं दूध पुढे ठेवलं आणि म्हणाली, "मले नको शिकवू. घसरलेला माणूस असा गप बसत नाही." तिला कोण फसवणार? फुटलेलं डोकं आणि फोडलेलं डोकं यातला फरक ती लोहाऱ्यातल्या आपल्या याच स्वयंपाकघरात शिकली, तुमच्यावरून.

तुम्हाला जीपमधून उतरवलं तेव्हा मी बारावीत होते. तुमचा जबडा एका बाजूला लोंबतोय, शर्टाची पुढची बाजू रक्तानं कडक झालीय, दोन दात तुमच्याच रुमालात बांधलेले आहेत. आई वरण गाळून चमच्यानं भरवतेय आणि ते गालातून परत बाहेर येतंय. मुकुटबनकडे तलावाखाली जाणाऱ्या जमिनींवरची झाडं, विहिरी, घरं मोजायचं काम तुमच्याकडे होतं. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पक्के तक्ते मी लिहायची. एका कोलाम बाईची सात मोहाची झाडं होती आणि त्यांच्यापुढे 'मालकाची मागणी' या रकान्यात तुम्ही मला शून्य लिहायला सांगितलं.

"काहून पण? तिनं फुकट न्या म्हटलं काय?"

"भाव सांगत नाही ते. झाडं इकायचीच नाहीत म्हंते. रिकामा रकाना सायबाले चालत नाही. लिही शून्य."

मी पेन खाली ठेवलं. तुम्ही थोबाडीत दिली, अशी की दिवसभर कानात शिट्टी वाजत होती. मग मी शून्य लिहिलं. छान गोल आलं. ती यादी गावात लागली, त्या बाईच्या मुलानं वाचली, आणि तुम्ही पुन्हा गेलात तेव्हा त्यानं कुऱ्हाडीच्या बोथट बाजूनं तुमचा जबडा मोडला. तुमच्या माणसांनी त्याला दाव्यानं बांधून इतकं मारलं की त्याचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. वर तुरुंगवासही त्यालाच झाला. आम्ही घरात त्याचा उद्धार करायचो, सगळ्यात जास्त मी.

आता माझं काम ऐका, हसाल. यवतमाळची पोर, कॉलेज संपेपर्यंत जिनं समुद्र पाहिला नव्हता, ती कोकणातल्या किनाऱ्याची किंमत काढते. मासळी किती, पर्यटक किती हे तर आहेच. खाडीतली तिवरं लाटा अडवतात, त्या अडवण्याचेही रुपये करतो आम्ही. तिथं मोठं बंदर करायचं की नाही हे ठरवताना तो आकडा समोर ठेवतात. आणि शेवटी किनाऱ्यावरच्या माणसांना एक प्रश्न असतो: हा किनारा उद्यापासून तुमच्यासाठी बंद झाला, तर किती रुपयांत तुम्ही राजी व्हाल? तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदाही आकडा सांगितला नाही, तर तो माणूस बेरजेतून वगळायचा. म्हणजे ज्याला समुद्र कोणत्याच भावात द्यायचा नाही, त्याचाच समुद्र हिशेबात नाही. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पगार चांगला होता, मी गप्प राहिले.

त्या सकाळी मासळीचा लिलाव चालू होता. एक म्हातारी सुरमईची पोटं फाडत बसली होती, शेजारी तिची सून टोपल्या भरत होती. मी टॅबलेट घेऊन उकिडवी बसले आणि प्रश्न विचारला. तिनं मान हलवली. दुसऱ्यांदा विचारलं, ती म्हणाली, "आमका इकूचोच नाय." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली. "तुझ्या आवशीची किंमत किती, ता सांग आधी." आईची किंमत ऐकून आजूबाजूचे हसले. मग तिनं पडावातलं वल्हं उचललं आणि माझ्या डोक्यात घातलं. डोळ्यांवर रक्त ओघळलं, पण दिसायचं थांबलं नाही, थांबायला हवं होतं. आमच्या ड्रायव्हरनं तिला केसांना धरून वाळूवरून फरफटत नेलं. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलानं तिच्या पोटात लाथा घातल्या. सून मध्ये पडली तर तिला टोपल्यांवर फेकलं. मग ड्रायव्हर म्हातारीच्या उजव्या मनगटावर बूट ठेवून उभा राहिला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, बाबा. "थांब" हा एक शब्द मला म्हणायचा होता. मी तो म्हटला नाही.

म्हातारीवर जीवघेण्या हल्ल्याचा गुन्हा लागलाय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, आणि बोंब मारणारी मी. तिचा हात आता सुरी धरणार नाही असं सुनेनं कोणाकडून तरी मला कळवलंय. वरिष्ठ म्हणतात जबाबावर ठाम राहा, अहवाल पुढे जाऊ दे. सोमवारी मला तिकडच्या कोर्टात पोचायचंय, ती आत राहते की सुटते हे माझ्या बोलण्यावर आहे.

तुमच्या फिर्यादीची नक्कल आईच्या ट्रंकेत सापडली. तिची सुरुवात अशी आहे: मुलानं कुऱ्हाड उचलली. त्याच्या आधीची एक ओळही नाही. त्या अंगणात त्याच्या आईशी तुम्ही काय बोललात, काय केलंत, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही मरेपर्यंत कधी बोलला नाहीत. आजवर मला वाटायचं, तोंड दुखत असेल.

माझा जबाबही वल्ह्यापासूनच सुरू होतो. पण वल्हं नंतर आलं. लोक हसले आणि मी तिच्या थोबाडीत मारली, भर लिलावात, तिच्या सुनेसमोर. आजीच्या वयाची बाई. सोमवारी मला जबाब वाचून दाखवतील आणि बरोबर आहे ना विचारतील, आणि मी हो म्हणेन याची मला भीती वाटते. खरं काय ते फक्त तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.