दादा की अहो

बॉथेल, गुरुवार

तो 'दादा' काही डोक्यातून जात नाही. थाई मालिकेतले दोन हिरो एकमेकांच्या प्रेमात, धाकटा मोठ्याला 'फी' म्हणतो; थाईत मोठ्या भावंडाला आणि वयाने मोठ्या प्रियकरालाही हीच हाक. फॅन ग्रुपसाठी मराठी सबटायटल्स मीच करते. 'फी' तसंच ठेवलं तर सासूबाईंना शाळेची फी वाटेल, म्हणून 'दादा' लिहिलं. आज एक भाग बघताना त्या गहिवरल्या, "सख्खे भाऊ तरी हल्ली इतकं जपतात का गं?" रिया खो खो हसली, "मॉम, यू मेड देम ब्रदर्स!"

शनिवारी सिएटलला या जोडीची फॅन मीटिंग, आणि सासूबाईंना या 'भावांना' भेटायचंय! आता काय सांगू? की काहीच नको?

नाही. रियासमोर लपवाछपवी तर नाहीच. सगळे 'दादा' काढून 'अहो' घातलं. ग्रुपवर सगळ्यांचं एकच, "यार, किती जुनाट वाटतं!" वाटू दे. मी बदलणार नाही.

जेवणं झाल्यावर तोच भाग पुन्हा लावला. 'अहो' वाचून सासूबाई थबकल्या. मी सरळ सांगितलं, "आई, ते भाऊ नाहीत. जोडपं आहे."

त्यांनी चष्मा पुसला. "अगं, लग्नाआधी मीही ह्यांना दादाच म्हणायचे. लाव पुढचा."