बसव तिला

दि. ९ मार्च

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. बाळाच्या गालावर माझा एक पापा, हळूच. फोटोत कपाळ आपल्या बाबांचं वाटलं मला. आई म्हणते, सगळं तुझंच आहे. तिला दुसरं सुचतं कुठे?

फोनवर बोलताना ती शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहितेय. त्या दिवशी ती तुझ्याकडे येणाऱ्या विमानात का चढली नाही, हे तू पुन्हा पुन्हा विचारलंस. आमच्या विमान कंपनीने नेहमीसारखी सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकली होती. शेवटी सीट उरली एक आणि माणसं तीन-चार. गेटवरच्या लंबूने मला काउंटरवर वायरलेसवरून विचारलं, तुमच्या आईंचं काय करू? मी म्हटलं, "बसव तिला."

त्याने बसवलं. विमानात नव्हे, काचेजवळच्या बाकावर. वर पाणीही आणून दिलं. सीट गेली आरडाओरडा करणाऱ्या एका गृहस्थांना. ज्याला थांबवून ठेवायचं त्यालाही आमच्याकडे ‘बसव’च म्हणतात, मग लंबूला तरी काय बोलणार? साहेबांनी आम्हा दोघांना झापलं आणि विषय मिटला. मला कळेपर्यंत विमानाचं दार बंद झालं होतं. माझ्यासमोर ही एवढी रांग होती.

त्याच संध्याकाळी तू मोकळी झालीस. एका अनोळखी नर्सचा हात धरून होते, असं तू सांगितलंस तेव्हा आई खूप रडली. मी चहा टाकायला उठले.

चिंगे, मला तुझा राग येतो. माझ्या बाळंतपणात आई आली नाही, कारण तुझी परीक्षा होती. तुझ्या वेळी मात्र महिनाभर आधी माझ्याकडे येऊन, माझ्याच मशीनवर दुपटी शिवत बसली. पलीकडच्या खोलीत ती खडखड ऐकत मी जळायचे. हो, या वयात.

खरं सांगू? त्या दिवशी माझ्यासमोर रांग नव्हती. लंबूने पुन्हा सांगितलं होतं, "ताई, बाकावर बसवलंय, आरामात आहेत." दार उघडं होतं, वायरलेस माझ्या हातात होता. मी फक्त "बरं" म्हटलं.

वाटलं, चार दिवस तरी माझी होईल. पण ती बॅगसुद्धा उघडत नाही. काल शेजारणीला सांगत होती, "मोठी माझ्या सीटसाठी साहेबांशी भांडली असणार, पण बोलून दाखवायची नाही. तिची काळजी मला कधी करावीच लागली नाही."

उद्या तिला स्वतः विमानाच्या दारापर्यंत सोडणार आहे. तिला खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव. तुझी मनापासून माफी मागते. पण सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात केस विंचरत बसते ना, तेव्हा वाटतं, उद्याचंही विमान भरलेलं निघावं.

आईवर तुझ्याइतकाच हक्क सांगणारी,
तुझी ताई