येसूबाईंची बटणपेटी

१२ ऑगस्ट १९८६

येसूबाई आल्या. गाठोड्यात नवऱ्याची पेटी. आपल्या हार्मोनियमसारखी नव्हे — मधे भाता, उजवीकडे दहा बटणं, दोन्ही हातांत धरून वाजवायची. भागोजी बोटीवर खलाशी होता, तिकडून कुठूनशी आणलेली. गणपतीत आरतीला तोच वाजवायचा. तो जाऊन दोन वर्षं झाली. ‘अण्णा, तुमी पेट्या दुरुस्त करता. औंदा माजा पोरगा म्हैपत वाजवील. मला त्यांचा आवाज एकदा ऐकायचा हाय.’ निघताना म्हणाल्या, ‘ते आत ढकलीत तवा एक बोलायची, भायेर ओढीत तवा दुसरंच.’ हो हो म्हटलं.

१४ ऑगस्ट

आत बनवणाऱ्याचा शिक्का सापडला, पण अर्धा पुसलेला. मुंबईच्या एका जुन्या वाद्यविक्रेत्याला पत्र टाकलं, सोबत चित्र काढून.

१८ ऑगस्ट

भात्याला सात भोकं! लांज्याच्या जोड्यांच्या दुकानातून मऊ कातडं आणलं. चिकटवलं ते उलटं. सगळं सोलून पुन्हा.

२२ ऑगस्ट

भाता हवा धरतो. पण सूर? भाता दाबला की सा, ओढला की त्याच बटणावर रे! दहाही बटणांची हीच रड. खारी हवा, नाहीतर कुणा अडाण्याने आतली सुरांची पाती घासलेली. बिचारा भागोजी जन्मभर बिघडलेली पेटी वाजवत होता.

मुंबईहून उत्तर नाही.

२७ ऑगस्ट

कानस घेऊन बसलो. पितळी पातं घासायचं, बसवायचं, ऐकायचं, पुन्हा काढायचं. दोन बटणं जुळली. एक पातं तुटलं — मोडक्या पेटीतलं लावलं. बायको म्हणते, ‘बातमी असती तर कधीच छापून मोकळे झाला असतात.’ तीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची वाकडी वाक्यं सरळ केली, दहा बटणं ऐकत नाहीत!

१ सप्टेंबर

सात जुळली. आरतीची पहिली ओळ कशीबशी निघते, दुसरी निघतच नाही. सूरच पुरत नाहीत. जितकं नीट करतो तितकी ही मुकी होते.

३ सप्टेंबर

येसूबाई येऊन ऐकून गेल्या. पेटी उलटसुलट करून पाहिली. मग — ‘कुनाची ओ ही?’

तुमचीच, म्हटलं. चिडलोच जरा.

५ सप्टेंबर

मुंबईचं पत्र आलं. ‘जर्मन बनावट, साठ-सत्तर वर्षांची. दाबताना एक सूर, ओढताना दुसरा, ही या वाद्याची घडणच आहे. कृपया पात्यांना हात लावू नये.’

मागची पानं चाळली. बारा ऑगस्टलाच येसूबाईंचं बोलणं लिहून ठेवलंय. माझ्याच अक्षरात.

तीन बटणं अजून घासलेली नाहीत. त्यांत उरलेला भागोजीचा आवाज घेऊन येसूबाईंकडे जातो.